बंद दाराआडचा पेसाख

मार्च संपत आला, की माझ्या स्वयंपाकघरातला मैदा एकदम संशयास्पद दिसायला लागतो. रव्याची बरणी, शेवयांचं पाकीट, नूडल्स, चहात बुडवायचे रस्क, फ्रीजमधला अर्धा पाव, सगळे फळीवर चोरासारखे बसलेले असतात. बाहेर, इथे कर्नाटकात, आमच्या हेब्बाळ भागातल्या रस्त्याकडेच्या झाडांचा गुलाबी बहर ओसरून पायाखाली चिकट झालेला असतो. करंजाला चकचकीत नवी पालवी येते. दुपारी घरातली फरशीसुद्धा तापते, संध्याकाळी अचानक ढग दाटतात, वारा सुटतो, चार टपोरे थेंब पडतात आणि लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणतं, आंब्याला चांगलं. मला मात्र त्या ओल्या धुळीच्या वासाबरोबर एवढंच सुचतं, की पेसाख आला आणि कपाटं रिकामी करायची आहेत.

पेसाख म्हणजे वल्हांडण. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलतो, प्रार्थना हिब्रूत म्हणतो. आमचे पूर्वज मिसर देशातल्या गुलामीतून इतक्या घाईत बाहेर पडले, की त्यांचं पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. त्याची आठवण म्हणून ह्या सणाचे आठ दिवस आम्ही खमीर, म्हणजे फुगलेलं किंवा ओलं होऊन फुगू शकेल असं गव्हाचं काहीही, खात नाही, घरात ठेवतही नाही. हे मी ऑफिसात दर वर्षी कुणाला तरी समजावून सांगते. समोरचा माणूस मन लावून ऐकतो आणि शेवटी विचारतो, म्हणजे मॅडम, तुमचा उपास असतो का?

काल कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात मुदत संपलेलं यीस्टचं पाकीट सापडलं आणि टाळेबंदीतला पेसाख आठवला. त्या दिवसांबद्दल आता लोक फार हळवं बोलतात. आकाश किती निळं होतं, पक्षी कसे ऐकू येत होते, घरातली माणसं कशी एकमेकांना सापडली. पक्षी मीही ऐकले. उड्डाणपुलावर एक गाडी नव्हती, विमानतळाकडे जाणारी विमानं थांबली होती, तळ्याकडून पाणपक्ष्यांचा कलकलाट सकाळी थेट आमच्या बाल्कनीत यायचा. पण माझ्या त्या दिवसांच्या आठवणीत निळ्या आकाशापेक्षा वैताग जास्त आहे. माणसं सापडली हे खरं. इतकी सापडली, की कुठे पळता येईना.

आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. माझे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठाण्याहून माझ्याकडे आले होते. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हायच्या आधी सगळं बंद पडलं. वय ऐंशीच्या पुढे, रेल्वेच्या वर्कशॉपातून कामगारांवर देखरेख करणारे चार्जमन म्हणून निवृत्त, आणि निवृत्त झाल्याचं अजून मान्य नाही. दोन आठवड्यांचे कपडे घेऊन आलेला हा माणूस काळा चष्मा लावून माझ्या हॉलमधल्या खुर्चीत बसून घर चालवू लागला. नवरा कामासाठी कोचीला गेला होता, तो तिथेच अडकला. फोनवर तो फार हळहळायचा, पण त्याचा आवाज मला जरा जास्तच ताजातवाना वाटायचा.

तिसरी माझी मुलगी, यायल. ती डब्लिनला शिकत होती. विमानं बंद होण्याच्या जरा आधी जे मिळालं ते तिकीट काढून ती घरी आली. हातावर विलगीकरणाचा शिक्का, पाठीवर सॅक. मी आधीच पप्पांना आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतलं होतं. ती आली ती सरळ तिच्या बेडरूममध्ये गेली आणि ते दार बंद झालं. दोन वर्षांनी नात घरी आली होती, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. ती जेवण दाराबाहेरच्या स्टुलावरून उचलायची, आम्ही लांब झालो की. आजोबा हॉलमधून ओरडायचे, ‘यायल, जेवलीस का?’ ती आतून ओरडायची, ‘हो नाना.’ ते मला विचारायचे, ‘काय म्हणाली?’ कान पप्पांचे कधीचेच गेले होते. यंत्र लावलं की शिट्टी वाजते म्हणून ते डबीत असायचं.

दुसऱ्या दिवशी पालिकेची दोन माणसं येऊन आमच्या पुढच्या दारावर कागद चिकटवून गेली. ह्या घरात विलगीकरण चालू आहे, भेट देऊ नये. पप्पांनी तो कागद नाक लावून वाचला आणि म्हणाले, ‘माझी आजी पेसाखला बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवायची. तो दारावर लावायची. मरण घर ओलांडून पुढे जावं म्हणून.’

‘पप्पा, हा पालिकेचा कागद आहे.’

‘तेच म्हणतोय.’

हे रूपक त्या वर्षी जगातल्या झाडून सगळ्या ज्यूंना सुचलं होतं. इस्राएलमधल्या अश्दोदहून माझ्या भावाने पाठवलं, ठाण्याच्या चुलतबहिणींनी पाठवलं, जिला मी शाळेनंतर पाहिलेलं नाही अशा एका मैत्रिणीनेही पाठवलं. पीडा, दारं, घरात कोंडलेली माणसं. मेसेजखाली हात जोडलेल्या बाहुल्या. मी फोन उलटा ठेवून भांडी घासायला जायचे. आमच्याकडे कामाला येणारी बाईही बंद होती, आणि तिच्यासाठी कुणी काही रूपक पाठवत नव्हतं.

आई असती तर गोष्ट वेगळी होती. त्या पेसाखच्या तीन वर्षं आधी ती गेली होती. ठाण्याच्या घरात पेसाखच्या आधी भिंतींना चुना लागायचा, त्याचा थंड, ओला वास पांघरुणात शिरायचा. तांब्याची भांडी कल्हई करून परत यायची आणि स्वयंपाकघरात एकदम उजेड पडल्यासारखं व्हायचं. काळ्या मनुका रात्रभर भिजायच्या, आई सकाळी त्या कुस्करून मलमलीतून पिळायची, आणि त्या दाट तपकिरी सरबतात बोट बुडवलं म्हणून मला चापट बसायची. खजूर आटत ठेवलेला असायचा. हे सगळं ती गुणगुणत करायची. पप्पा खुर्चीत बसून सूचना द्यायचे. सण पार पडला की दोघंही खूश असायची, कारण आईला ठाऊक असायचं तो कुणी केला, आणि पप्पांची समजूत असायची की तो त्यांनी केला.

ती सूचना देणारी खुर्ची आता माझ्या हॉलमध्ये होती, आणि गुणगुणणारं कुणी नव्हतं.

पेसाखच्या आठवडाभर आधी पप्पांनी हुकूम काढला, पीठ बाहेर. दुकानांत कणीक मिळत नव्हती. सकाळी सकाळी फोनवर यादी भरायची, त्यातली निम्मी नामंजूर व्हायची. अशा काळात मी दोन मोठी पाकिटं मिळवून ठेवली होती आणि त्यांच्याकडे लोक बँकेतल्या ठेवीकडे बघतात तसं अधूनमधून बघून यायचे.

‘पप्पा, ह्या वर्षी राहू दे ना. कपाटात घालून कुलूप लावते.’

‘कुलूप लावलं की घराबाहेर गेलं का?’

‘देवाला कळतं हो, बाहेर काय चाललंय ते.’

‘देवाला कळतं. प्रश्न मला कळण्याचा आहे.’

मग इडलीच्या पिठावरून जुंपली. समोरच्या फ्लॅटमधल्या सुलोचनाअक्का आम्हाला अधूनमधून वाटलेलं पीठ द्यायच्या. डबा दाराशी ठेवून बेल वाजवून जायच्या. पप्पांनी झाकण उघडलं, ते फसफसलेलं पीठ पाहिलं आणि म्हणाले, ‘हे फुगलंय. हे जाणार.’ आतून यायलचा आवाज आला, ‘नाना, तांदूळ आणि उडीद खमिरात धरत नाहीत. आपण तांदूळ खातो की पेसाखला.’ पप्पा म्हणाले, ‘काय म्हणते?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘तिला सांग, तांदूळ खातो, फुगलेला तांदूळ खात नाही.’ मी दाराला तोंड लावून सांगितलं. आतून आलं, ‘हे कुठे लिहिलंय ते विचार.’ अर्धा तास मी हॉल आणि बेडरूमच्या मध्ये निरोप नेत होते. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, कानात साहेब आराखड्याबद्दल बोलत होते, आणि मी म्हणत होते, उडीद डाळ आहे, धान्य नाही. साहेबांनी विचारलं, ‘सॉरी?’

शेवटी सगळं गेलं. कणीक, मैदा, रवा, पाव, बिस्किटं, इडलीचं पीठ. मी अक्कांना फोन केला. अक्कांचं कुटुंब शहाजीराजांच्या काळापासून इथलं. त्यांची मराठी ऐकताना एखाद्या ओळखीच्या घरात भिंती थोड्या सरकवल्यासारखं वाटतं.

‘अक्का, घरातलं सगळं पीठ दाराबाहेर ठेवते आहे. तुम्ही घेऊन जा. आमचा सण आहे, आम्हाला ठेवता येत नाही.’

‘अय्यो, अशा दिवसांत पीठ देऊन टाकतीस? बरी हायस ना तू?’

‘मी बरी आहे. वडील बरे नाहीत.’

‘काय झालं त्यांना?’

‘काही नाही अक्का. ते असेच आहेत.’

‘सरी, सरी, बरं,’ त्या म्हणाल्या. मग त्यांची पावलं वाजली आणि पिशव्या सरपटत गेल्याचा आवाज आला. दाराच्या भिंगातून मी माझी दोन पाकिटं जाताना पाहिली.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, ‘मात्सा कधी करायचा?’

मात्सा म्हणजे पेसाखची बेखमीर भाकरी. ती नसेल तर सण नाही. दर वर्षी ती मुंबईहून पार्सलने यायची. त्या वर्षी पार्सलंच बंद होती हे पप्पांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि मात्सा कणकेचा होतो हेही आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले.

‘एक न उघडलेलं पाकीट ठेवायचं असतं,’ ते म्हणाले.

‘हे तुम्ही आता सांगताय?’

‘तुझी आई ठेवायची.’

मी पुन्हा अक्कांना फोन केला. त्यांनी दुपारीच दोन्ही पाकिटांच्या चपात्या लाटल्या होत्या. शेजारच्या अर्धवट इमारतीत अडकलेल्या मजुरांना वॉचमनच्या हातून पाठवल्या होत्या. बंद पडलेल्या बांधकामावरच्या माणसांनी गरम चपात्या खाल्ल्या ह्याचा राग तर धरता येत नाही. राग धरता येत नाही, ह्याचाही त्या आठवड्यात मला राग येत होता. अक्का म्हणाल्या, ‘स्वल्प थांब, मी बघते.’ दुसऱ्या दिवशी दाराशी एक सीलबंद पाकीट होतं. तळमजल्यावरच्या कुणाकडून तरी त्यांनी ते उसनं आणलं होतं.

मात्सा आम्ही सणाच्या आदल्या दिवशी केला. तो करताना पिठाला पाणी लागलं, की घाई करायची असते. पीठ मुरू द्यायचं नाही, फुगायला अवसर द्यायचा नाही. पप्पा घड्याळ हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. एका डोळ्याने त्यांना काटा दिसत होता आणि दुसऱ्या डोळ्याने माझ्या चुका. ‘जाड आहे.’ ‘टोचे मार.’ ‘तवा तापला का?’ ‘ही तर पोळी झाली.’ मी लाटत होते, भाजत होते, घामाने चष्मा घसरत होता. तिसऱ्यांदा ‘पोळी’ ऐकल्यावर मी लाटणं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं. वर्कशॉपात आयुष्यभर लोखंड सरळ केलेल्या माणसाने एक मात्सा लाटला. तो कर्नाटकाच्या नकाशासारखा झाला. आम्ही तो तसाच भाजला. त्यानंतर सूचना जरा हळू आवाजात आल्या.

आणि त्याच संध्याकाळी यायलला ताप आला.

विलगीकरणाची मुदत जवळजवळ संपली होती. पेसाखला ती टेबलाशी बसेल ह्या हिशेबाने मी तीन ताटं काढून ठेवली होती. तिने दारातून सांगितलं, ‘मम्मी, थोडं अंग गरम आहे. खोकला पण आहे. घाबरू नकोस.’ मी फोन केले. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, नमुना घेऊन गेली. समोरच्या बाल्कन्यांमध्ये लोक उभे राहून बघत होते. काहींनी फोन वर धरले होते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, पाचव्या मजल्यावरच्यांनी आता दार मुळीच उघडू नये. त्याखाली बरेच अंगठे आले. अहवालाला दोन-तीन दिवस लागतील असं सांगून ती माणसं गेली.

मी पप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, ह्या वेळी ‘काय म्हणालीस’ म्हटलं नाही. उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मी पुसलेल्या रिकाम्या फळ्या पुन्हा पुसायला लागले. एकच फळी, बराच वेळ. मी म्हटलं, ‘पप्पा, ती स्वच्छ आहे.’ ते म्हणाले, ‘असू दे.’ माझ्या एका हाताला ताप आलेली मुलगी होती आणि दुसऱ्या हाताला हा म्हातारा, आणि एकीला जवळ घ्यायचं तर दुसऱ्याला धोका. त्या दिवसांत सगळ्यांनाच कुणाला तरी जवळ घेता येत नव्हतं. पण हे ज्ञान असल्याने काही सोपं होत नाही.

सणाची पहिली संध्याकाळ. ह्या जेवणाला सेदर म्हणतात. ताटात ठरलेल्या वस्तू मांडायच्या, चार वेळा सरबत प्यायचं, मिसरातून सुटल्याची हकिगत वाचायची आणि मग जेवायचं. पप्पांनी सकाळीच जाहीर केलं होतं, की सण लागल्यावर फोन बंद. भावाला अश्दोदहून व्हिडिओवर सगळं घर गोळा करायचं होतं, त्याला मी ‘नाही’ म्हणून कळवलं. मग यायल कशी सामील होणार? पप्पांनी त्याचाही विचार केला होता. जेवणाचं टेबल तिच्या दाराकडे न्यायचं. आमचं टेबल सहा माणसांचं आहे आणि पॅसेज एका माणसाचा. मी आणि ऐंशीच्या पुढचे वडील, दोघांनी ते आडवं करून फ्रीज आणि बेडरूमच्या मधोमध घुसवलं. एका बाजूला बसलं की फ्रीजचं दार उघडत नव्हतं, दुसऱ्या बाजूला बसलं की उठता येत नव्हतं. फ्रीजकडे पप्पा आधीच बसले, म्हणून उठणारी मी दुसऱ्या बाजूला अडकले.

ताटात मेंढीच्या तंगडीचं हाड लागतं. इथल्या शिवाजीनगरचा मटणवाला बंद होता. मी शेवग्याची एक शेंग गॅसवर भाजून ठेवली. पप्पांनी ती उचलून पाहिली.

‘हा शेवगा आहे.’

‘हो. सांबाराचा.’

त्यांनी ती परत ठेवली आणि तिचं टोक नीट भिंतीकडे वळवलं. कडू पाल्याच्या जागी कारल्याच्या चकत्या होत्या. त्यावर ते बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की मला जास्त काळजी वाटते.

बाल्कनीतून तारा दिसल्यावर आम्ही सुरुवात केली. यायलचं ताट स्टुलावर ठेवून मी बाजूला झाले, दार किलकिलं झालं, एक हात आला, ताट गेलं. आत ती दाराजवळ जमिनीवर बसली असावी, कारण आवाज खालून येत होता. सेदरमध्ये घरातल्या सगळ्यात धाकट्याने चार प्रश्न विचारायचे असतात, ही रात्र एवढी वेगळी कशासाठी, म्हणून. यायल ते चार वर्षांची असल्यापासून विचारत आली आहे. दारामागून तिने चाल धरली. पप्पांनी कानाला हात लावला.

‘मोठ्याने.’

तिने आवाज चढवला. ‘अजून मोठ्याने,’ ते म्हणाले. ती जवळजवळ ओरडून म्हणायला लागली आणि दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर तिला खोकल्याची उबळ आली. कोरडा, लांबलेला खोकला. आम्ही दोघं ताटांकडे बघत ती थांबायची वाट बघत राहिलो. थांबली तेव्हा आतून फोन टिंगटिंग वाजला.

‘फोन कशाला चालू आहे?’ पप्पा म्हणाले. हे बरोबर ऐकू आलं होतं.

‘सरकारी अ‍ॅप आहे नाना. घरातच आहे म्हणून दर तासाला फोटो पाठवावा लागतो.’

मी दाराजवळून ते पप्पांपर्यंत पोचवलं. ते म्हणाले, ‘मिसरचा राजा फारोसुद्धा एवढी हजेरी घेत नव्हता. पाठव म्हणावं. आणि उरलेले प्रश्न विचार.’

तिने विचारले. त्यांनी उत्तरं वाचली, पुस्तक त्या एका डोळ्याजवळ धरून, सावकाश, एकही ओळ न गाळता. मनुकांचं सरबत मला हवं तसं दाट झालं नव्हतं. मात्सा चिवट होता. पप्पा चावत राहिले, चावत राहिले, आणि म्हणाले, ‘ह्यापेक्षा मिसरातून लवकर निघाले असतील.’ दारामागे यायल हसली, मग खोकली. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं, की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. टेबलामुळे बाहेर पडता येईना, म्हणून परत बसले.

जेवणानंतर सेदरमध्ये एक क्षण असतो. दार उघडायचं. एलियाहू हन्नाबी, संदेष्टा, ह्या रात्री घरोघरी येतो असं मानतात. आमच्यात सगळेच काही दार उघडत नाहीत, पण पप्पांच्या घरी उघडायचे. पप्पा म्हणाले, ‘दार.’

मी टेबलाखालून वाकून बाहेर आले, पुढच्या दाराशी गेले. ग्रुपवरचे ते अंगठे आठवले. कडी काढली, दार हातभर उघडलं. बाहेर ट्यूबलाइट, अक्कांच्या दारापुढची रांगोळी, आणि कुणीही नाही. थोडा वेळ थांबून मी दार लावलं, वळले, आणि पाहिलं तर पप्पा खुर्चीत नव्हते. त्यांनी टेबल ढकलून वाट केली होती. त्यांचा हात दुसऱ्या दाराच्या मुठीवर होता.

‘पप्पा.’

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. दार उघडलं गेलं.

यायल दाराशेजारी पलंगाला टेकून बसली होती. जुना टी-शर्ट, केस न विंचरलेले, मांडीत ताट. तिने झटकन ओढणी ओढून तोंडावर धरली आणि बसल्या बसल्या मागे सरकत खिडकीपर्यंत गेली. ‘नाना, नका ना येऊ. जा ना तिकडे.’ ते आत गेले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहिले. काळा चष्मा काढला. एक डोळा बारीक करून, नवीन डोळ्याने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून ते तिला पहिल्यांदाच पाहत होते.

‘बारीक झालीस,’ ते म्हणाले.

ओढणीमागून ती म्हणाली, ‘दिसतंय तुम्हाला?’

‘एकाने दिसतंय. चांगलं दिसतंय.’

मग मी पोचले. त्यांचा सदरा धरून त्यांना मागे ओढलं, दार लावलं आणि जे काही बोलले ते सणाच्या टेबलाशी बोलण्यासारखं नव्हतं. ते ऐकून घेत बसले. माझं संपल्यावर पुस्तकातलं पान काढलं आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

अहवाल नंतर आला. तिला तो आजार नव्हता, साधा ताप होता. पप्पांनाही काही झालं नाही. गाड्या सुरू झाल्यावर ते ठाण्याला परत गेले, दुसऱ्या डोळ्याचं तिकडेच केलं आणि दोन्ही डोळ्यांनी आणखी बरीच वर्षं लोकांच्या चुका पाहिल्या. मागच्या वर्षी, सणाच्या आधीच्या हिवाळ्यात, झोपेतच गेले. यायल आता ह्याच शहरात नोकरी करते. मागच्या पेसाखला आली तेव्हा फ्रीज उघडून म्हणाली, ‘मम्मी, हे इडलीचं पीठ आधी बाहेर काढ.’ मी तिला तिचं जुनं म्हणणं ऐकवलं. ती म्हणाली, ‘तेव्हा मी लहान होते.’ म्हणजे आता ती सूचना देणारी खुर्चीही भरली.

सगळं नीट झालं, म्हणून पप्पांचं बरोबर होतं असं मी मानत नाही. अहवाल उलटा आला असता तर ही आठवण मी लिहिली नसती, आणि ते दार मला आयुष्यभर पुरलं असतं. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं. तेव्हा अहवाल आलेला नव्हता. मी रात्री डोळा लावला नव्हता. ते बाल्कनीत तळ्याकडे तोंड करून बसले होते. चहा झाला होता, चहाबरोबर तो चिवट मात्सा. मी थर्मामीटर घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

‘सगळं इतके दिवस कशासाठी केलं मी? स्टूल, वेगळी भांडी, दिवसभराची पळापळ? तुमच्यासाठी. आणि तुम्ही जाऊन सरळ दार उघडता. एक रात्र धीर धरवला नाही?’

पप्पा तळ्याकडेच बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी परत बोलायला तोंड उघडलं.

‘मी पोरगा होतो तेव्हापासून ह्या सणाला दार उघडतोय,’ ते म्हणाले. ‘बाहेर कधी कुणी नसतं. जिना असतो. शेजाऱ्यांच्या चपला असतात. आपण थांबतो, लावून घेतो, पुढच्या वर्षी परत उघडतो.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘काल पहिल्यांदा दारामागे कुणीतरी आहे हे मला ठाऊक होतं. आणि तू म्हणतेस, बंद ठेवायचं.’

मी थर्मामीटर झटकला आणि त्यांच्या जिभेखाली ठेवला. निदान तेवढा वेळ तरी ते बोलणार नव्हते.